चाळणीत काय उरले?

आमच्या घरी गव्हाचे पीठ चाळून झाले की आई चाळणी लगेच झटकत नाही. खिडकीपाशी उजेडात नेऊन आधी चाळणीत काय उरले आहे ते पाहते. कोंडा असेल तर तो म्हशीच्या आंबोणात जातो, खडा असेल तर बाहेर. पण कधीकधी गिरणीत नीट न दळलेले दाणे हाती लागतात, ते ती पुढच्या दळणात टाकते. लहानपणी मला हा निव्वळ चिक्कूपणा वाटे. "खाली पडलेले पीठ बघायचे की वर उरलेला कचरा?" असे मी तिला एकदा हसून विचारलेही होते. तिने उत्तर दिले नाही. ते उत्तर मला मिळाले सुरत शहराच्या उधना भागात, 2023 सालच्या दिवाळीच्या तोंडावर, आणि तेही अकरा माणसांना त्रास देऊन.

बी. सी. ए.च्या चौथ्या सत्राची परीक्षा आटोपून मी तेव्हा मोकळा होतो. माझी आत्या उधन्यात राहते. तिचे यजमान मूळचे इचलकरंजीचे. मागाच्या खटखटाटात वाढलेला माणूस, त्यामुळे सुरतेला गेल्यावरही मागाशीच नाते राहिले. एका कारखान्यात ते मास्तर आहेत. म्हणजे माग बिघडला की हातात पाना घेऊन धावायचे आणि कारागीर भांडले की पाना खाली ठेवून धावायचे! त्यांनीच फोन केला, "सुट्टीत गावात बसून काय करणार? इकडे ये. शेठना कामगारांची सगळी नोंद कॉम्प्युटरवर पाहिजे आहे. शिकलेला पोरगा आहेस, काहीतरी करून दाखव."

मी गेलो. उधना म्हणजे नुसते एक स्टेशन नव्हे, हे उतरल्यावर तासाभरात कळले. मुंबईहून येणाऱ्या मोठ्या मार्गाला जळगावकडून येणारा तापी खोऱ्यातला मार्ग इथे मिळतो, आणि त्या मार्गाने पिढ्यान्‌पिढ्या खानदेश सुरतेत उतरत आला आहे. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर या गावांची नावे उधन्याच्या गल्लीत शेजाऱ्यांच्या नावांसारखी ऐकू येतात. वाटेतले नवापूर स्टेशन तर अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. हे ऐकून आपल्या सीमाभागातल्या माणसाला जरा गंमत वाटते, जरा हेवाही! लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या आसपासच्या वस्त्यांत अहिराणी कानांवर पडते. सुरत महानगरपालिकेच्या मराठी शाळाही आहेत. मागावर मात्र ओडिशाच्या गंजाम जिल्ह्यातली माणसे बहुसंख्य. आमच्या कारखान्यात शेठ गुजराती, मास्तर इचलकरंजीचे, मागावर ओडिया, कांड्या भरायला खानदेशी बाया, आणि हिशेबाला एक वयोवृद्ध महेताजी. त्यात भर म्हणून बेळगाव जिल्ह्यातला मी.

काम साधे होते. कारखान्याच्या वह्यांतल्या 164 कामगारांची माहिती एका माहितीसाठ्यात भरायची, आणि ब्राउझरच्या पडद्यावर एक तक्ता दाखवायचा. वर दोनचार अटी निवडल्या की तेवढीच नावे खाली यायला हवीत: रात्रपाळीची, कांडीखात्याची, अमुक दिवसांपेक्षा अधिक भरलेली. आमच्या अभ्यासक्रमात हे प्रात्यक्षिकाच्या वहीत एका पानावर आटोपलेले होते.

संगणकशास्त्र नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगतो. आपल्या ग्रंथालयात पूर्वी पुस्तके आत आणि विद्यार्थी काउंटरच्या बाहेर अशी व्यवस्था असे. आपण चिठ्ठी लिहून द्यायची आणि शिपाई आतून तेवढीच पुस्तके आणून द्यायचा. ब्राउझर म्हणजे काउंटर, सर्व्हर म्हणजे आतले दालन, आणि चिठ्ठी म्हणजे प्रश्न. ही चिठ्ठी कोणत्या भाषेत लिहावी याचा पाया 1970 साली एडगर कॉड या मूळच्या इंग्रज, पण अमेरिकेत आय. बी. एम. कंपनीत काम करणाऱ्या गणितज्ञाने घातला. माहिती ओळी आणि रकाने यांच्या तक्त्यांत ठेवावी, आणि ती कुठे कशी ठेवली आहे याची चिंता न करता केवळ 'काय हवे' ते सांगून मिळवावी, असे त्याने मांडले. पुढे 1974 साली चेंबरलिन आणि बॉइस या त्याच कंपनीतल्या दोघांनी त्या कल्पनेवर एक भाषा रचली. तीच आज एस. क्यू. एल. म्हणून आपल्याला शिकवली जाते. 1981 साली कॉडला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. तात्पर्य, चिठ्ठीत अट लिहायची आणि ती ज्या ओळींना लागू पडते तेवढ्याच ओळी बाहेर येतात. हीच ती चाळणी.

माझी पहिली चूक पहिल्याच आठवड्यात झाली. मी आळसाने सगळ्या 164 ओळी ब्राउझरकडे पाठवल्या आणि नको त्या तिथे लपवल्या. चिठ्ठी न देता सगळे कपाटच काउंटरवर आणून ठेवावे आणि नको त्या पुस्तकांवर चादर घालावी, तसे! पडदा उघडायला वेळ लागे तो लागेच. पण एक दिवस काकांच्या पोराने, म्हणजे माझ्या अकरावीतल्या आतेभावाने, पानाचा मूळ मजकूर उघडून शेठच्या पुतण्याचा पगार मोठ्याने वाचून दाखवला. लपवलेले आणि नसलेले यांत फरक असतो, हे मला त्या पोराने शिकवले. मग मी अटी सर्व्हरवर नेल्या, आणि माणसाने पडद्यावर टाइप केलेला शब्द थेट प्रश्नात न चिकटवता वेगळा बांधून पाठवायची शिस्तही लावून घेतली. नाहीतर शोधाच्या चौकटीत नावाऐवजी एखादी आज्ञा लिहून कोणीही सगळा साठा पुसू शकतो.

दुसरी अडचण लिपीची. महेताजींनी काही नावे गुजराती लिपीत भरली होती, मी देवनागरीत. 'पाटील' शोधले की निम्मे पाटील गायब! डोळ्यांना सारखी वाटणारी अक्षरे यंत्राला सारखी नसतात. युनिकोड या जागतिक पद्धतीत प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. देवनागरी 'क'चा क्रमांक 2325, गुजराती 'क'चा 2709, आणि आपल्या या अंकाच्या दुसऱ्या विभागातल्या कन्नड 'क'चा 3221. उच्चार एक, वर्णमालेतले स्थान एक, पण यंत्राच्या लेखी तीन निरनिराळी घरे. सुदैवाने ही घरे एकाच नकाशावर बांधलेली आहेत. देवनागरी अक्षराच्या क्रमांकात 384 मिळवले की बहुतेक ठिकाणी गुजराती अक्षर मिळते, 896 मिळवले की कन्नड. ही बेरीज-वजाबाकी करून मी सगळे पाटील एका रांगेत आणले, तेव्हा महेताजींनी प्रथमच माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या दिवशी मला वाटले, आपण जिंकलो.

महेताजींविषयी सांगायला हवे. सत्तरीच्या आसपासचे, धोतर नेसणारे, कानात अत्तराचा फाया. रोज संध्याकाळी रोजमेळ जुळेपर्यंत ते उठत नसत. एकदा सात रुपयांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसले होते. मी म्हणालो, "महेताजी, सात रुपये मी देतो, घरी चला." त्यांनी चष्म्यावरून पाहिले आणि म्हणाले, "बेटा, हिसाब तो मळवो जोईए." हिशेब जुळलाच पाहिजे. सात रुपये कमी पडल्याचे त्यांना दुःख नव्हते. ते कुठे गेले हे कळत नव्हते, याचे होते. मला तेव्हा हेही चिक्कूपणाचेच वाटले.

दिवाळी 12 नोव्हेंबरला होती. बुधवार, 8 नोव्हेंबरला संध्याकाळी बोनस वाटायचे ठरले. तेव्हा लागू असलेल्या 1965 च्या बोनस कायद्याप्रमाणे वर्षात 30 दिवस काम भरलेल्या कामगाराला किमान 8.33 टक्के बोनस द्यावा लागे. 8.33 टक्के म्हणजे बारावा भाग; ढोबळमानाने हिशेबात धरलेल्या एका महिन्याच्या पगाराएवढी रक्कम. गावी लवकर जाणाऱ्या काहींना तो आधीच दिला होता, म्हणून महेताजींच्या सूचनेवरून मी तक्त्यात 'बोनस दिला' असा एक रकाना वाढवला होता. त्यात 'होय' किंवा 'नाही'. मंगळवारी रात्री मी दोन अटी लावल्या: भरलेले दिवस 30 किंवा अधिक, आणि 'बोनस दिला' हे 'होय' नाही. पडद्यावर सुंदर तक्ता आला. 111 नावे, एका पानावर 50 याप्रमाणे तीन पाने. शेठनी खुशीने मान डोलावली. त्यावरून पाकिटे भरली गेली.

बुधवारी सहा वाजता वाटप सुरू झाले. मागांची खटखट बंद होती. ज्याने महिनाभर तो आवाज ऐकला आहे, त्यालाच ती शांतता किती मोठी असते ते कळेल. नावे पुकारली जात होती, अंगठे आणि सह्या होत होत्या. सगळी पाकिटे संपली तेव्हा भिंतीशी अकरा माणसे उभी होती. त्यांत सर्वांत पुढे कांडीखात्यातल्या एक मावशी. चौदा वर्षे त्याच कारखान्यात कांड्या भरणाऱ्या. मला रोज दुपारी भाकरीचा तुकडा आणि ठेचा देणाऱ्या. त्यांनी हलकेच विचारले, "भाऊ, मन्हं नाव नही शे का?"

मी तक्ता पुन्हा उघडला. नाव नव्हते. शेठ म्हणाले, "कंप्यूटर में नाम नहीं है तो मैं क्या करूँ?" ते दुष्टपणाने म्हणाले नाहीत. त्यांचा माझ्या तक्त्यावर विश्वास होता. आणि तो विश्वास मीच महिनाभर राबून निर्माण केला होता. इतके दिवस कागदावर नाव शोधणारी माणसे आता पडद्याकडे बोट दाखवून गप्प होत होती.

काका मात्र गप्प बसले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "2020च्या मे महिन्यात इथून मजुरांच्या खास गाड्या सुटत होत्या, तेव्हा यादीत नाव नसणे म्हणजे काय ते मी पाहिले आहे. माणूस समोर उभा असतो आणि यादी म्हणते, तो नाही. तुझी यादी खोटी आहे. शोध."

मी शोधू लागलो. घाम फुटला होता. मावशींचे दिवस 30 पेक्षा कितीतरी जास्त होते. बोनस आधी दिलेला नव्हता. मग नाव यायला हवे! तेवढ्यात महेताजी शेजारी येऊन बसले. त्यांना एस. क्यू. एल. ठाऊक नव्हते, रोजमेळ ठाऊक होता. त्यांनी विचारले, तीस दिवस भरलेले एकूण किती? मी पाहिले: 141. ज्यांना बोनस दिलेला नाही ते? 111. ज्यांना दिला ते? 19. त्यांनी बोटांवर मोजले आणि म्हणाले, "एकशे तीस. बाकीचे अकरा कुठे गेले?"

खरेच, कुठे गेले? 'होय' असलेल्यांच्या यादीत ते नव्हते आणि 'होय' नसलेल्यांच्या यादीतही नव्हते. माणूस एक तर आत असतो किंवा बाहेर. आमच्या तक्त्याने अकरा जण उंबऱ्यावरच नाहीसे केले होते.

कारण सापडले तेव्हा मला माझीच लाज वाटली. ही अकरा नावे मी अगदी पहिल्या दिवशी टाइप केली होती. महेताजींच्या सर्वांत जुन्या वहीचे पहिले पान, म्हणजे सर्वांत जुने कामगार. तेव्हा 'बोनस दिला' हा रकाना नव्हताच. तो मागाहून आला, आणि त्यापुढच्या नावांना मी 'नाही' भरत गेलो. या अकरा ओळींत तो रिकामाच राहिला. आता गंमत अशी की माहितीसाठ्यात रिकामा रकाना म्हणजे 'नाही' नव्हे आणि शून्यही नव्हे. त्याचा अर्थ 'माहीत नाही'. 1979 साली कॉडनेच याचा तर्क मांडला. नेहमीच्या तर्कात विधान एक तर खरे असते किंवा खोटे. इथे तिसरी शक्यता येते: अज्ञात. 'रिकामे' हे 'होय'हून वेगळे आहे का, असे यंत्राला विचारले, तर ते 'वेगळे आहे' म्हणत नाही आणि 'वेगळे नाही' असेही म्हणत नाही. ते म्हणते, 'सांगता येत नाही'. आणि चाळणीचा नियम असा की जे निश्चित खरे, तेवढेच खाली पडते. अज्ञाताला खोट्याच्याच रांगेत उभे केले जाते, आणि कोणी त्याला तसे सांगतही नाही.

वाचकहो, हा नियम वर्गात मला शिकवलेला होता. परीक्षेत त्यावर दोन गुणांचा प्रश्नही आला होता आणि मी दोन्ही गुण मिळवले होते!

अटीला मी एक शेपूट जोडले: 'किंवा रकाना रिकामा असेल तर'. पडद्यावर 122 नावे आली. पानांची संख्या पाहिली तर तीच, तीन. 111 असोत की 122, पन्नासच्या हिशेबाने पाने तीनच होतात. म्हणून तर डोळ्यांना संशय आला नाही. महेताजींनी जुनी लाल वही आणून अकराही नावे ताडून पाहिली. शेठनी कुरकुर न करता तिजोरी उघडली. साडेआठच्या सुमारास दहा पाकिटे दिली गेली.

अकरावे राहिले. मावशींची गाडी रात्रीची होती, अमळनेरची. तिकीट काढलेले, बरोबर दोन नातवंडे. त्या आठ वाजताच निघून गेल्या होत्या. कोणाला दोष न देता, भांडण न करता गेल्या. काका मोटरसायकलवरून स्टेशनावर धावले, पण दिवाळीच्या गर्दीत त्यांना गाडी दिसली, मावशी दिसल्या नाहीत. त्यांचा फोन नंबर माझ्या तक्त्यात होता का? तो रकानाही रिकामा होता.

दिवाळीला मी घरी आलो. आईने केलेली करंजी हातात घेतली की मला त्या नातवंडांची आठवण होई. पंधरा दिवसांनी काकांचा फोन आला, मावशी परत आल्या, पाकीट मिळाले. मी घाईघाईने विचारले, "काही म्हणाल्या का?" काका म्हणाले, "तू जेवतोस का वेळेवर, असे विचारत होत्या." त्या रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते. पैसे मिळाले, पण दिवाळी काही पुन्हा देता आली नाही.

घरी बसल्या बसल्या मी त्या तक्त्यात तीन सुधारणा केल्या. रकाना रिकामा ठेवताच येणार नाही, असे बंधन घातले. जिथे खरोखरच माहिती नसेल तिथे 'अद्याप विचारलेले नाही' असे स्पष्ट लिहायची सोय केली, म्हणजे कोणीतरी विचारायला जाईल. आणि प्रत्येक यादीच्या खाली एक ओळ जोडली: एकूण 164; यादीत 122; दिवस कमी 23; बोनस आधीच दिलेले 19. त्या शेवटच्या तीन आकड्यांची बेरीज पहिल्याइतकी आली नाही, तर तक्ता छापलाच जात नाही. या ओळीला मी मनात 'महेताजींची ओळ' असे नाव दिले आहे. यंत्राचे ज्ञान मला होते. पण मेळ कसा घालावा, हे धोतर नेसलेल्या त्या वृद्धाला अधिक कळत होते.

आता आपल्या महाविद्यालयातही बहुतेक याद्या पडद्यावरूनच येतात. हजेरी कमी असलेल्यांची यादी, शिष्यवृत्तीला पात्र असलेल्यांची यादी, परीक्षा-अर्ज न भरलेल्यांची यादी. नोटीस बोर्डावर गर्दी होते. आपले नाव दिसले की आपण खुश होतो किंवा घाबरतो. तक्त्यात एखादे नाव चुकीचे छापले असेल तर तो मुलगा येऊन सांगतो. पण जे नाव आलेच नाही, त्याची चूक कागदावर कुठेच दिसत नाही. तिथे कोणी पाय ओढत भिंतीशी उभे राहावे लागते. आणि सगळेच मावशींसारखे उभे राहत नाहीत. बरेच जण तसेच गाडी पकडून निघून जातात. तेव्हा प्राध्यापक मंडळींना आणि उद्या असे तक्ते बनवणाऱ्या माझ्या मित्रांना एवढीच विनंती, की यादी हाती आली की 'यात कोण आहे' हे पाहून झाल्यावर 'यात कोण नाही, आणि का नाही' हेही एकदा विचारावे.

परवा आई पीठ चाळत होती. चाळून झाल्यावर ती नेहमीप्रमाणे खिडकीकडे निघाली. मी तिच्या हातून चाळणी घेतली आणि स्वतः उजेडात धरून पाहिली. चार दाणे होते. ते मी वेचून दळणाच्या डब्यात टाकले. आई हसली, पण तिने कारण विचारले नाही.